गोळा, गोल्टी, बदला आणि विमानाचं शेपूट

मार्चचा शेवटचा आठवडा, बुधवार. आभाळ स्वच्छ, ढगाचा ठिपकाही नाही. पहाटे थोडा गारवा, दुपारी कडक ऊन पडणार. वारा मंद, मावळतीकडून.

हवामान मी सकाळी निघतानाच लिहून ठेवते, बाकीचा दिवस संध्याकाळी. त्या बुधवारी संध्याकाळी लिहायला बसले आणि कुठून सुरुवात करावी तेच कळेना. अजूनही कळत नाही. आमच्या टोळीची पिकप मंचरच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकली की गप्पा सुरू होतात आणि गप्पा फिरून फिरून विमानावर येतात. एकीचं सांगून झालं की दुसरी म्हणते, ‘अगं, ते राहिलंच की.’ असे राहिलेले किस्से इतके साठलेत की मूळ गोष्ट त्यांच्याखाली दबून जायची. म्हणून एकदा क्रमानं सांगते.

आमची टोळी महाळुंगे पडवळची. कांद्याची लावणी, खुरपणी, काढणी आणि निवड, चारही कामं आम्ही करतो. सुमनआक्का आमची मुकादम. शकिला मंचरहून येते. तिचा नवरा पत्र्याच्या पेट्या आणि कोठ्या बनवतो. पारूआत्या आमच्यात वयानं सगळ्यांत मोठी आणि बोलण्यात सगळ्यांत धारदार.

त्या हिवाळ्यापासून एक विमान आमच्या डोक्यावरून जायचं. प्रवाशांचं नव्हे. ते सरळ वर चढायचं, एका अंगावर कलायचं, मध्येच दगडासारखं खाली यायचं आणि पुन्हा सावरायचं. ज्यांच्या वावरात आम्ही काढणीला होतो ते दत्तूभाऊ सांगायचे की लष्करासाठी नवीन विमान बनतंय, हा त्याचा पहिलाच नग, आणि तो तपासून बघतायत.

पारूआत्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. ती म्हणाली, “आमच्या धाकट्यानं बी नवा ट्रॅक्टर आणला तवा पयल्या दिवशी दोन बांध मोडलं व्हतं.”

तरी त्याला ‘आपलं इमान’ म्हणायला तिनंच सुरुवात केली.

* * *

त्या दिवशी आम्ही सगळ्या खाली वाकलेल्या. डोक्यावर फडकं टराटरा फाटल्यासारखा आवाज झाला. वर पाहिलं तेव्हा विमान गरगरत होतं आणि आमच्यावर तुकडे पडत होते. काही टपाटप पडले, काही पानासारखे हेलकावे खात खाली आले. विमानाचं तोंड वस्तीकडे होतं. ते डगमगत डगमगत वळलं आणि ओढ्यापलीकडच्या माळावर जाऊन पडलं. त्याआधी त्यातून एक खुर्ची उडाली आणि आभाळात छत्री उघडली.

आमच्यात कुणाला खरचटलंही नाही. देवाची कृपा म्हणायची आणि पुढचं सांगायचं.

छत्री उतरली शेजारच्या उसात. आमच्याकडे उसात कुणी उगाच शिरत नाही. बिबट्याची मादी कुठं पिल्लं घेऊन बसलेली असेल सांगता येत नाही. शिरायचंच असेल तर घोळक्यानं, डबे बडवत आणि मोठ्यानं ओरडत. त्याप्रमाणे सुमनआक्कानं पाण्याची घागर घेतली, आम्ही जेवणाचे डबे घेतले, आणि ऊस तोडून वाट करायला दत्तूभाऊ हातात कोयता घेऊन पुढं झाले.

आता आतल्या माणसाच्या बाजूनं बघा. त्याचं विमान लोकांच्या शेतावर पडलंय. चारी बाजूंनी आरडाओरडा करत, पत्रे बडवत गर्दी येतीय आणि सगळ्यांत पुढं कोयता आहे. तो श्वास रोखून गप्प बसला. तो गप्प बसला म्हणून आम्ही आणखी जोरात बडवायला लागलो, कारण गप्प म्हणजे एकतर बेशुद्ध माणूस, नाहीतर जनावर.

शेवटी शकिलानं हिंदीत आवाज दिला. “साहब, कुछ तो बोलो, नहीं तो हम समझेंगे शेर है.”

उसातून लगेच उत्तर आलं, “शेर नहीं, नेगी.”

* * *

नेगी साहेबांना खाटेवर आडवं करून आणलं. मान हलवता येत नव्हती, पण शुद्धीवर होते. त्यांनी पहिली चौकशी केली ती आमची. कुणाला लागलं का, असं दोनदा विचारलं.

“लागलं न्हाई कुनाला,” पारूआत्या म्हणाली, “पर च्या पार थंड झाला.”

शकिलानं ते जसंच्या तसं हिंदीत सांगितलं. साहेब हसले, हसल्यावर पाठीतून कळ आली, आणि आक्कानं आत्याला तिथून लांब बसायला सांगितलं.

मग ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलायला लागले. जवळ बसलेल्या बाईला सांगावं तसं, पण डोळे वर आभाळाकडे. शकिला आम्हाला सांगत गेली. ते म्हणत होते की हातातली विमान वळवायची दांडी एकाएकी ढिली पडली. शेपूट आधी गेलं, बाकीचं नंतर मोडलं. मी काही केलं नाही, शेपूट आधी गेलं.

लांब बसलेल्या आत्याला तेवढ्यात बोलायचं होतंच. “शेपटीबिगर बैलाला माशी हाकलता येत न्हाई. ह्यो तर इमान हाकत व्हता.”

थोड्या वेळानं हेलिकॉप्टर आलं आणि त्यांना घेऊन गेलं. जाताना खाटेच्या कडेला आक्काचा हात होता, तो त्यांनी सोडला नाही. शेवटी डॉक्टरनं सोडवला.

* * *

आता आमच्या टोळीनं काय केलं ते. ह्यावर आजही कुणी हसलं तर आम्हीही हसतो, पण आधी ऐकून घ्यावं.

पोलीस आले आणि त्यांनी ओढ्यापलीकडे, जिथं मुख्य सांगाडा पडला होता, तिथं चारी बाजूंनी दोरी बांधली. दोरीच्या आत पाऊल टाकायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, असं बजावून सांगितलं. आम्ही ऐकलं. ओढ्याच्या अलीकडे, आमच्या कांद्यात, दोरी नव्हती. म्हणजे इथलं उचलायला हरकत नसणार. उलट इथलं उचलायचं राहिलंय असंच आम्हाला वाटलं. काढलेल्या कांद्यात विमानाचे तुकडे तसेच ठेवून घरी कसं जायचं? सरकारी माल, पायदळी जायचा, कुणी भंगारात घालायचा.

वेचून एका जागी आणल्यावर पुढं काय करायचं, हे आमच्या हातांना कुणी सांगावं लागत नाही. आम्ही निवड केली. मोठा आणि अखंड माल एकीकडे, त्याला आम्ही गोळा म्हणतो. बारीक माल दुसरीकडे, ती गोल्टी. आणि दबका, वाकडा, फुटका माल तिसरीकडे, तो बदला. तिन्ही ढीग सारखे केले, माती झटकली, वर गोणपाट झाकलं आणि कडेला दगड ठेवले. संध्याकाळी दत्तूभाऊ म्हणाले की इतकी स्वच्छ निवड त्यांच्या कांद्याचीही कधी झाली नाही.

रात्रभर सगळ्यांच्या हातांना खाज. ते विमान लोखंडाचं नव्हतं, कसल्यातरी काळ्या धाग्यांच्या चिवट पत्र्याचं होतं आणि त्याची बारीक कुसळं बोटांत शिरलेली. शकिलाच्या घरी तिच्या नवऱ्यानं ती चिमट्यानं काढली. आयुष्यभर पत्रा कापून त्याच्या बोटांत कधी इतकं काही शिरलं नव्हतं. तो म्हणाला, “कांद्यानं डोळ्यात पाणी आनलं, इमानानं बोटात कुसळं. आता राहिलं काय?”

* * *

गुरुवारी सकाळी चौकशीचे अधिकारी आले. राजन साहेब. उंच, शांत, सावकाश बोलणारे. त्यांच्याबरोबर पिवळ्या झेंड्यांची पेटी, नकाशे, मोजमापाची यंत्रं आणि एक मॅडम होत्या, जोसेफ मॅडम, विमान बनवणाऱ्या मंडळींपैकी.

प्रत्येक तुकडा जिथं पडला असेल, तिथं झेंडा रोवायचा आणि नकाशा काढायचा, असं त्यांचं काम. ते आमच्या वावराच्या बांधावर चढले. समोर तिन्ही ढीग, गोणपाटाखाली, एका ओळीत.

आक्का पुढं झाली. कौतुकाची वाट बघत म्हणाली, “सायेब, बदला येगळा काढलाय.”

शकिलानं बदला म्हणजे काय ते समजावून सांगितलं. राजन साहेब हळूच बांधावर बसले. त्यांनी टोपी काढून हातात धरली. मग त्यांनी हे कुणी केलं असं विचारलं. आमचे सगळ्यांचे हात वर!

ते चिडले नाहीत, हे मला लिहून ठेवावंसं वाटतं. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले आणि आम्हाला समोर बसवून सांगितलं. हिंदीत, सोपं करून. विमान उडत असताना जमिनीवरच्या गाडीत त्याची सगळी माहिती येत असते, पण ते डोंगराआड गेल्यावर माहिती तुटली. विमानातली नोंद ठेवणारी पेटी जळाली. आता सांगणारे उरले ते तुकडे. उडत्या विमानाचा जो भाग आधी तुटतो तो सगळ्यांत मागं पडतो. शेपूट मागं पडलं असेल, तर ते आधी तुटलं, म्हणजे नेगी खरं बोलतायत. शेपूट बाकीच्या तुकड्यांच्या बरोबरीनं पडलं असेल, तर विमान अखंड होतं आणि त्यांच्या हातून सुटलं. मग ते पुन्हा कधी नवीन विमान तपासायला बसणार नाहीत. आणि कोणता तुकडा कुठं पडला हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

आदल्या दिवशी आक्काचा हात धरून गेलेला माणूस सगळ्यांना आठवत होता.

“कुनाला कसं न्हाई?” आक्का म्हणाली. “आमी उचललंय. आमीच परत ठिवतो.”

* * *

ह्यातच टीव्हीवाले आले. एका पोरीनं माईक शकिलापुढं धरला आणि विमान पडताना मनात काय विचार आला ते विचारलं. शकिलाला वाटलं टीव्ही म्हणजे हिंदी, आणि हिंदी म्हणजे मालिकेतली. तिनं पदर सावरून सांगितलं, “उस वक्त मानो वक्त थम सा गया था.”

दिवसभर तेच दाखवत होते. तिचा नवरा अजूनही जेवायला उशीर झाला की विचारतो, वक्त थम गया क्या.

* * *

परत ठेवायचं म्हणजे कसं, ते सांगायला हवं. वावरात बायका ओळीनं उभ्या राहतात आणि प्रत्येकीच्या पुढं एक सरळ पट्टी येते, वावराच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिला आम्ही पात म्हणतो. ज्या बाईची पात, तिथलं काम तिचं. तुकडे वेचतानाही आम्ही सवयीनं आपापल्या पातीतलेच वेचले होते. आणि विमान ज्या दिशेनं गेलं, त्याच दिशेला आमच्या पाती लांब पडल्या होत्या. सुरुवात उगवतीच्या बांधाला, शेवट ओढ्याला.

राजन साहेबांनी सगळ्यांना मजुरी द्यायचं काढलं. आक्कानं नको म्हटलं. हे मजुरीचं काम नाही, हे इर्जिक आहे, असं तिनं सांगितलं. इर्जिक म्हणजे एखाद्याच्या अडल्या कामाला सगळ्यांनी हात लावायचा आणि पैसे घ्यायचे नाहीत. काम ज्याचं असेल त्यानं फक्त जेवण घालायचं, आणि तेही स्वतःच्या हातानं वाढायचं.

“मग मालक कोन?” आक्कानं विचारलं.

साहेब म्हणाले, सरकार.

“मग सरकारला बोलवा वाढायला.”

तेव्हा जोसेफ मॅडम पुढं झाल्या. शेपूट मी आखलंय, त्या म्हणाल्या. वाढीन मी.

शकिलाला जे कळलं ते तिनं विचारून टाकलं. नेगी साहेब खरे ठरले तर चूक मॅडमची निघणार का? मॅडम हो म्हणाल्या. निघू दे, पण कळू दे. नाहीतर दुसरं विमान बनतंय त्यालाही हेच शेपूट लागेल आणि त्यात परत कुणीतरी बसेल.

दुपारी मंचरहून मासवडीचा रस्सा आणि भाकरी आली. मॅडमनी पदर खोचल्यासारखी ओढणी कमरेला बांधली आणि पंगतीत वाढलं. पहिल्या फेरीला रस्सा इतका कमी वाढला की आक्कानं पातेलं दाखवून सांगितलं, “म्याडम, इमान गेलंय, रस्सा हाये.”

* * *

तुकडे परत ठेवायला दुपार गेली. एकेकीनं ढिगातून आपला माल ओळखायचा, पातीत चालत जायचं आणि जागेवर ठेवायचं. बाकीच्यांनी पाठ करून बसायचं, म्हणजे एकीचं बघून दुसरी ठेवणार नाही. ही अट राजन साहेबांची. सुरुवातीला त्यांचा भरवसा नव्हता आणि ते त्यांनी लपवलंही नाही. मग पहिलीच बाई एक वाकडा दांडा घेऊन गेली, ठेवला, थोडा फिरवला, आणि तो मातीत पडलेल्या खळगीत बसला. साहेबांनी गुडघ्यावर बसून पाहिलं. दांड्याच्या तोंडाला लागलेला कांद्याच्या सालीचा तुकडा आणि खळगीतला फुटलेला कांदा जुळत होते. त्यांनी पहिला पिवळा झेंडा रोवला.

सगळं सुरळीत झालं असं नाही. दोघीजणी एका पत्र्यावरून भांडल्या. तो पत्रा दोघींच्या पातींच्या मध्यावर पडला होता आणि दोघींनाही तो आपलाच वाटत होता. भावाभावांचं जमीन वाटून घेतानासुद्धा इतकं होत नाही. शेवटी साहेबांनी तिथं दोन झेंडे लावले. काही तुकड्यांची जागा कुणाला आठवलीच नाही, ते बाजूला ठेवले आणि तसं लिहून घेतलं.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा वावर पिवळ्या झेंड्यांनी भरलं होतं. बदल्याच्या ढिगात एक तुकडा उरला. हातभर लांब, त्याला दोन बिजागऱ्या, त्यातली एक मुळातून तुटलेली. मॅडमनी तो पाहिला आणि ओळखला. शेपटीचाच होता.

तो पारूआत्याच्या पातीतला होता, तिच्या पातीत पडलेला तेवढा एकच. आणि आत्या त्या दिवशी कामावर नव्हती. तिच्या लेकीला कळा सुरू झाल्या म्हणून सकाळच्या एसटीनं घोडेगावला सरकारी दवाखान्यात गेली होती.

साहेब म्हणाले, तिच्या शेजारची पात कुणाची? शकिलाची. मग शकिलानं अंदाजानं सांगावं.

शकिलानं आक्काकडे पाहिलं. आक्कानं नको अशी मान हलवली.

आमच्या टोळीत दुसरीच्या पातीबद्दल बोलायचं नाही. मालकानं विचारलं की हिची पात मागं का, हिचे कांदे का राहिले, तर उत्तर तीच देणार, दुसरी कुणी नाही. हा नियम आक्कानं घातलाय आणि त्याच्यामुळंच इतकी वर्षं टोळी टिकली. साहेबांनी समजावलं की ही कुणाची तक्रार नाही, एका माणसाचा प्रश्न आहे.

“म्हनूनच,” आक्का म्हणाली. “त्या मानसाचा प्रस्न हाये म्हनून जिची पात तीच सांगंल. चला घोडेगावला.”

* * *

तर राजन साहेब, गणवेशात, विमानाच्या शेपटीचा तुकडा गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेतलेला, घोडेगावच्या दवाखान्यात बाळंतिणीच्या खोलीबाहेर बाकड्यावर बसले. आक्का, शकिला आणि मी समोरच्या बाकड्यावर.

आत्या एकदा बाहेर आली, साहेबांना पाहिलं, आम्हाला पाहिलं. आम्ही कशाला आलो ते आक्कानं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि सांगितलं की लेक मोकळी होईपर्यंत तिला काही आठवणार नाही. परत आत गेली.

नर्सबाई जाता-येता बघत होत्या. शेवटी त्यांनी साहेबांना विचारलं, “तुम्ही पेशंटचे कोण?”

साहेबांना मराठी थोडी कळायची. त्यांनी विचार केला आणि सांगितलं, “हम पात के हैं.”

नर्सबाईंना वाटलं, भावकी असेल. त्यांनी साहेबांसाठी पंखा लावला.

दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. आत्या बाहेर आली ती जिलेबीचा पुडा घेऊन, आणि पहिली जिलेबी साहेबांच्या हातावर ठेवली. मग नातीला आणून त्यांच्या पुढं धरलं. त्यांनी तुकडा बाकड्यावर ठेवला, हात पुसले आणि बाळ घेतलं. त्या सबंध दिवसात मी त्यांना हसताना तेव्हाच पाहिलं.

तुकड्याबद्दल ते काही बोलले नाहीत. आत्यानंच गोणपाट उचकटून पाहिलं, पुन्हा झाकलं आणि सांगितलं, “सकाळी येते. हितं बसून सांगायची गोष्ट न्हाई ती. पातीत हुभं राहिल्याबिगर न्हाई सांगता यायची.”

* * *

शुक्रवारी ती पहिल्या एसटीनं आली. आम्ही सगळ्या बांधावर. कुणी पाठ केली नव्हती, साहेबांनी सांगितलंही नाही. मॅडम एका बाजूला उभ्या.

आत्यानं तुकडा हातात घेतला. लगेच निघाली नाही. तिनं शकिलाला विचारायला सांगितलं की ह्या तुकड्यानं कुणाचं भलं होणार आणि कुणाचं वाईट. राजन साहेब म्हणाले की ते आधी कळून उपयोग नाही, तिला आठवतंय तिथं ठेवावं.

“मला आठवतंय तितंच ठिवनार हाये,” आत्या म्हणाली. “पर कुनाच्या डोक्यावर ठिवते ते म्हाईत पायजे. तोंड बघून ठिवते.”

मॅडमनी शकिलाला थांबवलं. त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि मराठीत म्हणाल्या, “माझ्या.”

आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं. मग तिनं पुढं होऊन त्यांचा हात धरला.

“मग तुमी माझ्यासंगं चला. एकटीनं मागं हुभं राहू नगा.”

दोघी पातीत उतरल्या, साहेब मागोमाग. आत्या पुढं, तिच्या हातात मॅडमचा हात, दुसऱ्या हातात तुकडा. आम्हाला वाटलं ओढ्याच्या बाजूला वळतील, जिकडं झेंडे दाट होते. आत्या वळली उगवतीला. पहिल्या काही झेंड्यांजवळ साहेबांनी पाऊल थांबवलं, ती थांबली नाही. झेंडे विरळ झाले. शेवटचा झेंडा मागं पडला. ती चालतच राहिली, पातीच्या अगदी सुरुवातीला, उगवतीच्या बांधाशी आली. तिथं तिनं मॅडमचा हात सोडला, खाली बसली, तुकडा जमिनीवर ठेवला, उचलला, उलटा केला आणि पुन्हा ठेवला. तो बसला. तुटलेल्या बिजागरीचं टोक मातीतल्या भोकात आपोआप गेलं.

मॅडम तिच्या शेजारी बसल्या. त्यांनी तुकड्याला हात लावला नाही, शेजारच्या मातीवर हात ठेवला. राजन साहेबांनी झेंडा रोवला आणि यंत्र लावून तिथून ओढ्यापलीकडच्या सांगाड्यापर्यंतचं अंतर दोनदा मोजलं.

शेपटीचा तुकडा सगळ्यांत मागं पडलेला, म्हणून चौकशीत ठरलं की शेपटीची बिजागरी हवेत आधी तुटली. वैमानिकाची चूक नाही. जोसेफ मॅडमनी शेपूट नव्यानं आखलं. पुढच्या मार्गशीर्षात दुसरं विमान त्या शेपटीसह नेगी साहेबांनी उडवलं. ते महाळुंग्यावरून गेलं, वळलं आणि धावपट्टीवर उतरलं.